जुन्या फियाट-पद्मिनीच्या ब्रेकचे बारके सामान कसे मिळवाल?

गाडीचे इंजिन सुरू होते, पत्र्याचे काम झालेले असते, टायरही नवे चढलेले असतात आणि सगळे अडते ते ब्रेकच्या सिलिंडरमध्ये तेल अडवणाऱ्या एका रबरी कपावर. पद्मिनी किंवा तिच्या आधीची डिलाइट ज्यांनी नव्याने घेतली आहे, किंवा आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढली आहे, त्यांतल्या बहुतेकांची गाडी इथेच थांबते. दरवाजे, बोनेट, ड्रम असे मोठे सामान विचारपूस केली की कुठूनतरी निघते. निघत नाहीत ते कप, बूट (सिलिंडरच्या तोंडावरची रबरी टोपी), ब्लीडर (हवा काढायचा निपल), शूच्या स्प्रिंगा, तांब्याचे वायसर आणि मास्टर सिलिंडरमधला छोटा चेक व्हॉल्व्ह.

याचे कारण समजायला सोपे आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी काढली. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि सत्तरच्या दशकापासून पद्मिनी म्हणून रस्त्यावर होती. पुढे घरगुती गाड्या कमी झाल्या, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांना रोज ब्रेक लागत होते, म्हणून किट बनत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बाद झाली. आता हे सामान आपल्यासारखे हौशी लोक सोडले तर कोण विकत घेणार?

तरीही सामान मिळते, फक्त मागण्याची पद्धत बदलावी लागते. काउंटरवर "पद्मिनीचे ब्रेक किट आहे का?" असे विचारलेत तर उत्तर ठरलेले आहे: "बंद झालं." तेच "काका, सहा सुती व्हील सिलिंडरचे कप आहेत का?" असे विचारलेत तर काका उठून मागच्या फळीवर हात घालतात. कप, वायसर, नळ्या हे सामान गाडीच्या नावाने नव्हे, मापाने बनते. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. हत्यारे आणि कागद आधी गोळा करा

- डिजिटल व्हर्नियर. साधा चालेल, पण ०.०५ मिमीपर्यंत वाचता येणारा हवा.
- आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) मोजायचा गेज, मिलिमीटर आणि इंच अशा दोन्ही पात्यांचा.
- ब्रेकच्या नळ्यांसाठी फ्लेअर नटचा पाना. साध्या पान्याने नट गोल होतो, आणि मग नळीच कापावी लागते.
- फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), टॉर्च, भिंग.
- झिपच्या पिशव्या आणि मार्कर.
- ब्रेक ऑइलची नवी, सीलबंद बाटली. जुनी अर्धी उरलेली नको.
- आरसी, विमा, पीयूसी. सामान घ्यायला हे लागत नाहीत, पण शेवटच्या टप्प्यात लागतील.

२. एका वेळी एकच चाक उघडा

चारही ड्रम एकदम काढण्याचा मोह होतो. तसे करू नका. उघडलेल्या चाकाबद्दल शंका आली तर पाहायला त्याच एक्सलचे दुसरे चाक जसेच्या तसे बसलेले हवे. स्प्रिंग कोणत्या भोकात आहे, लांब आकडा वर आहे की खाली, शूचे कोणते टोक पुढे आहे, हे कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा समोरचे चाक चांगले सांगते. फक्त डावे-उजवे आरशासारखे उलटे असते, हे लक्षात ठेवा. फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत एक पट्टी ठेवा.

ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ही धूळ फुप्फुसात जाणे धोक्याचे. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाकून द्या. गॅरेजवाला हसेल, हसू द्या.

काढलेला एकही तुकडा फेकू नका. फाटलेला कप, वाकडा वायसर, तुटलेली स्प्रिंग, सगळे पिशवीत ठेवा आणि पिशवीवर "पुढचे डावे" असे लिहा. दुकानात तुमच्या वर्णनापेक्षा हा नमुना जास्त बोलतो.

३. माप घ्या, पण योग्य गोष्टीचे

सर्वात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून घाई करू नका.

*बोअर,* म्हणजे सिलिंडरचे आतले गोल भोक. पुष्कळ जण जुना कप मोजतात आणि त्या मापाचा नवा आणतात. जुना कप वर्षानुवर्षे तेलात राहून फुगलेला असतो किंवा झिजलेला असतो, त्याचे माप खोटे. शिवाय नवा कपही मोकळा असताना बोअरपेक्षा किंचित मोठाच असतो, त्याशिवाय तो दाबून बसणार कसा? म्हणून सिलिंडरच्या बोअरचेच माप घ्या, तेही कप फिरतो त्या भागाच्या बाहेर, जिथे झीज नाही तिथे. बऱ्याच सिलिंडरांवर माप ओतलेले असते, तारेच्या ब्रशने घासून पाहा.

बाजारात अजून सूत चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिमी. सात सूत म्हणजे २२.२२ मिमी, आणि पूर्ण इंच २५.४ मिमी. मधली मापेही असतात, जसे १३/१६ म्हणजे २०.६४. तुमचे माप १९.०० आले आणि दुकानात १९.०५ चा कप आहे, तर कपाला हा फरक कळत नाही. पिस्टनला कळतो, तो अडकू शकतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा कप घेताना पिस्टन शक्यतो आपलाच ठेवा.

"सहा सुती नाही, सात सुती अख्खा सिलिंडर आहे, बसेल" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. बसेलही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. सहा सुतीवरून सात सुतीवर गेलात की त्याच दाबाला शूवरचा जोर सुमारे ३६ टक्के वाढतो. हे मागच्या चाकांना केलेत तर पावसात मागची चाके आधी लॉक होतील आणि गाडी गोल फिरेल. शिवाय पेडल जास्त खाली जाईल ते वेगळेच.

*आटे.* फियाटच्या घराण्यातली गाडी मेट्रिक, तर अँबॅसडर आणि जीप इंचाच्या आट्यांच्या. मधल्या चाळीस वर्षांत कोणत्या मिस्त्रीने काय बसवले असेल, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही, तेव्हा प्रत्येक नट मोजा. यातला सर्वात वाईट सापळा म्हणजे दहा मिमीचा, एक मिमी पिचचा आटा आणि ३/८ इंची, इंचाला चोवीस आट्यांचा यूएनएफ, म्हणजे इंची बारीक आटा. यूएनएफचा व्यास ९.५२ मिमी आणि पिच १.०६ मिमी. म्हणजे इंची नट मेट्रिक भोकात हाताने छान फिरतो, थोडा आवळलाही जातो, आणि पेडलवर जोरात पाय पडला की आट्यांसकट बाहेर येऊ शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. पिच गेज लावून उजेडात धरा, पात्याखाली फट दिसली की तो नट बाजूला.

*नळीचे टोक.* ब्रेकची बंडी पाईप बहुधा ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिमीची असते. तिचे फुलवलेले टोक दोन प्रकारचे असते: एक आत दुमडलेले, नरसाळ्यासारखे, आणि दुसरे बाहेर फुगलेले, बटणासारखे. एकाच्या जागी दुसरे बसवले तर आवळूनही गळते, आणि जास्त आवळले तर जोडाची बैठक खराब होते. जुन्या नळीचे टोक कापून नमुना म्हणून जवळ ठेवा.

*ब्लीडर,* म्हणजे हवा काढायचा निपल. आट्यांचा व्यास, पिच, एकूण लांबी आणि टोकाच्या शंकूचा उतार, चारही जुळले पाहिजेत. निपल तेल अडवतो तो शंकूने, आट्यांनी नाही. म्हणून गळणाऱ्या निपलला टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काही अर्थ नाही, उलट टेपचा तुकडा आत जाण्याची भीती.

४. रबर ओळखायला शिका

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये जुन्या कंपनी पाकिटाचे फार कौतुक आहे. "तीस वर्षांपूर्वीचा ओरिजिनल माल, अजून सीलबंद!" धातूच्या वस्तूसाठी हे कौतुक मलाही मान्य. पिस्टन, ॲडजस्टर, निपल, स्प्रिंग जुन्या साठ्यातली मिळाली तर डोळे झाकून घ्या. पण रबर पाकिटातही म्हातारे होते. कपाची कड अंगठ्याने मागे दुमडा आणि भिंगातून पाहा. केसाएवढी चीर दिसली, किंवा कड सोडल्यावर हळूहळू जागेवर आली, तर तो कप शोकेससाठी. गाडीसाठी अलीकडे बनलेला साधा कप बरा. पाकिटावर बनल्याचा महिना-वर्ष छापलेले असते, ते आधी वाचा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नेहमीचे ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, हे नावाला ऑइल असले तरी ग्लायकॉलवर आधारलेले असते. त्याला चालणारे रबर म्हणजे ईपीडीएम किंवा एसबीआर. हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या ओ-रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. त्या इंजिन ऑइलमध्ये वर्षानुवर्षे टिकतात, पण ब्रेक ऑइलमध्ये खराब होतात. दिसायला दोन्ही सारख्याच. "तेलाची आहे ना, मग चालते" हे वाक्य ऐकलेत की दुकानातून बाहेर पडा.

उलट बाजूने, ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागता कामा नये. गॅरेजमधली पद्धत अशी की सगळे सुटे सामान रॉकेलच्या डब्यात टाकायचे. ब्रेकच्या बाबतीत हेच विष. रबर फुगते, आणि मास्टर सिलिंडरमधला फुगलेला कप तेल परत जाण्याचे बारीक भोक झाकतो. मग पाय काढला तरी दाब उतरत नाही, आणि चार-पाच किलोमीटरवर ड्रम तापून गाडी जागेवर जाम होते. धुवायचे असेल तर ताज्या ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बुटाच्या आत लावायला रबराला चालणारे खास लाल ग्रीस मिळते, ते वापरा.

कोणते रबर आहे हे दुकानदारालाच माहीत नसेल तर घरी परीक्षा घ्या. एक नग जास्त घ्या, व्हर्नियरने मोजा, काचेच्या बरणीत ब्रेक ऑइलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. थोडासा फुगला तर स्वाभाविक. डोळ्यांना कळण्याइतका फुगला, चिकट झाला किंवा तेलाला काळा रंग आला, तर तो सगळा माल परत.

५. बाजारात कुठे आणि कसे जायचे

मुंबईत नव्या सामानासाठी ऑपेरा हाऊस-खेतवाडीचा पट्टा. सुट्या भागांच्या जुन्या पेढ्या तिथे आहेत. मोडीतल्या गाड्यांच्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर कधी एखादा मास्टर सिलिंडर दिसतो, पण तिथे दिवे आणि बिल्ले जास्त, ब्रेक कमी. पुण्यात आधी नाना पेठ, मग मंगळवार पेठेतला जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. राज्याबाहेर दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार, बेंगळुरूत जेसी रोड. तिकडे कोणी ओळखीचे असेल तर मापासकट फोटो पाठवा.

मोठ्या बाजारांपेक्षा माझा भरवसा जिल्ह्याच्या गावातल्या जुन्या दुकानांवर जास्त. ज्या दुकानाची पाटी रंगाने हाताने लिहिलेली आहे आणि आत मुलगा नसून वडील बसलेले आहेत, तिथे थांबा. मुलगा संगणकात "पद्मिनी" टाइप करतो आणि नाही म्हणतो. वडील नमुना हातात घेतात, बोटाने कड चाचपतात आणि म्हणतात, "हा अमक्या टेम्पोलापण लागायचा." ही माहिती कुठेही छापलेली नाही. त्यांना "गाडी कोणती?" हे शेवटी सांगा; आधी त्या मापात काय काय आहे ते सगळे काउंटरवर मांडायला लावा. कप जुळवताना फक्त व्यास पाहू नका. कपाची उंची, तळाची जाडी आणि पिस्टनकडची बाजू सपाट आहे की खोलगट, हेही पाहा.

दुकानात जायची वेळ दुपारची. सकाळी गॅरेजची पोरे रांगेत असतात, तुमच्या चार कपांसाठी कोणी शिडी चढणार नाही.

मोडीतून काय घ्यावे? ओतीव पाट्या, ॲडजस्टर, पिस्टन, हँडब्रेकच्या लिव्हरी. मोडीतून काय घेऊ नये? रबराची कोणतीही वस्तू, होज पाईप, आणि लायनर. होज बाहेरून चकचकीत असला तरी आतून सुजलेला असू शकतो.

नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल पाकिटे भरपूर फिरतात. स्पेलिंग, छपाईची कड, बनल्याची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, यांतले एकही गायब असेल तर विचार करा. आणि बिल घ्याच. बिल देणारा दुकानदार नग परत घेतो.

६. मिळत नसेल तर बनवून घ्या, पण सगळेच नाही

*सिलिंडर.* बिडाच्या सिलिंडरच्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा कप टाकून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा गळेल. हलके डाग होनिंगने, म्हणजे बारीक दगडाने बोअर घासून, जातात. त्यानंतर पिस्टन आत घालून फीलर गेजचे ०.१५ मिमीचे पाते शेजारून सरकते का पाहा. सरकत असेल तर बोअर फार सैल झाला. मग उपाय स्लीव्हचा: बोअर मोठा करून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची बाही ठोकायची आणि मूळ मापाला आणायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत असे बारीक काम करणारे टर्नर आहेत. त्यांना सांगायच्या दोन गोष्टी: तेल येण्याची सगळी भोके स्लीव्हमध्ये पुन्हा पाडायची, आणि भोकांच्या आतल्या कडा गुळगुळीत करायच्या. कड धारदार राहिली तर पहिल्याच दिवशी कप कापला जातो. मास्टर सिलिंडरचे ते बारीक भोक विसरले तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

*स्प्रिंग.* तापवून ताणलेली किंवा वाकवलेली स्प्रिंग नको. तापवली की तिचे पाणी, म्हणजे ताण, गेलेले असते. स्प्रिंग कारखान्याला नमुना द्या, तारेची जाडी, वेढे, मोकळी लांबी आणि आकड्यांची दिशा लिहून द्या. नमुना शक्यतो ताणला न गेलेल्या चाकाचा.

*तांब्याचा वायसर.* पुन्हा वापरायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. पण नवा इतका स्वस्त असतो की ही कसरत रविवारी दुकान बंद असेल तेव्हाच.

*नळी.* बंडी पाईप किंवा तांबे-निकेल मिश्रणाची नळी. एसीवाल्याकडची शुद्ध तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण कंपनांनी कडक होऊन तडकते.

*लायनर.* शू जपून ठेवा, लायनर नवे चढवणारे कारागीर अजून आहेत. ड्रम लेथवर फिरवला असेल तर त्यांना तसे सांगा.

बनवून घेऊ नये अशी एकच यादी: कप, सील आणि होज. रबर ओतून देणारे भेटतात. घरगुती साच्यातल्या कपावर जीव सोपवू नका. बऱ्याच जुन्या मॉडेलांत ब्रेकचे सर्किट एकच आहे, एका चाकाचा कप फाटला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

७. परदेशातून मागवणे

फियाट ११०० इटलीचीच, त्यामुळे युरोपात तिचे किट अजून मिळतात. पण इथे बनलेल्या गाडीत देशी सिलिंडर असू शकतो, म्हणून मॉडेलचे नाव न पाहता बोअर आणि आटे जुळवून मगच पैसे भरा. सीमाशुल्क आणि कुरिअर धरून चार कप महाग पडतात. भाऊ-बहीण तिकडे असेल आणि गणपतीला घरी येणार असेल, तर तोच खरा मार्ग.

८. बसवल्यावर

सिलीकॉनचे डॉट ५ या भानगडीत पडू नका, ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. (डॉट ५.१ वेगळे, ते ग्लायकॉलचेच.) डॉट ३ किंवा डॉट ४ ठरवा आणि तेच ठेवा. हे तेल रंगावर सांडले तर रंग सोलते, म्हणून पाण्याची बादली शेजारी हवी. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात.

सगळे झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळते आहे, किंवा मास्टरचा कप तेल मागे सोडतो आहे. पाय काढा, जॅकवर चारही चाके हाताने फिरवून पाहा. घट्ट वाटणारे चाक असेल तर शूची सेटिंग, हँडब्रेकची केबल आणि पेडलचा मोकळा खेळ या क्रमाने तपासा. मग रिकाम्या मैदानात, हळू वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. पन्नास-साठ किलोमीटरनंतर ड्रम काढून बुटाची कड उचलून पाहा, आत ओल नसावी.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत भरता येतो. आरटीओत गाडी तपासताना ब्रेक पाहतात, तेव्हा सामानाची बिले आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवा. डिलाइट पन्नास वर्षांपुढची असेल आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे, पण ती घेतलीत की गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही.

आणि शेवटी एक वही: चारही चाकांचे बोअर, प्रत्येक नटाचा आटा, कोणत्या दुकानातून कोणता कप, कोणत्या महिन्यात बसवला. तिचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी नाना पेठेत उभे असताना गाडी घरी असते.